बसवंतअप्पांचे अकरा शब्द

बसवंतअप्पा दिवसाला अकरा शब्द बोलतात, हे मी मोजलेलं आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी माणसाला वेळ फार असतो, आणि माझ्या घराची खिडकी त्यांच्या किराणा दुकानासमोरच उघडते. सकाळी कुलूप काढताना ‘शिव शिव’ हे दोन. दूधवाल्याला ‘अर्धा’ हा एक. मग दिवसभरात गिऱ्हाइकांना ‘हाय’, ‘न्हाई’, ‘संपलं’, ‘उद्या’ असे धरून सहा, आणि दिवेलागणीला पुन्हा ‘शिव शिव’. एखाद्या दिवशी बारा झाले तर समजायचं की दुकानात उंदीर निघाला.

बाकीचा सगळा धंदा हातवाऱ्यांवर. भुवई वर गेली की ‘काय पाहिजे?’ मान डावीकडे कलली की ‘आतल्या पोत्यात आहे, थांबा.’ दोन बोटं हवेत हलली की ‘आज नाही, परवा.’ तळहात उताणा केला की ‘भाव तोच, घ्यायचं तर घ्या.’ मुखेडातल्या आमच्या गल्लीला हे पाठ आहे. एकदा बदली होऊन नवा कारकून शेजारी राहायला आला. त्याला वाटलं अप्पा मुके आहेत, म्हणून तोही खुणांनी बोलू लागला. अप्पांना वाटलं तो मुका आहे. चार महिने दोघांचं उत्तम चाललं होतं. मग त्याची बदली झाली आणि निरोप घ्यायला आला तेव्हा दोघांनीही एकदम तोंड उघडलं. दोघंही दचकले.

हे असं का, तेही सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अप्पांची उमेदीची सारी वर्षं लातूरला चुलत्याच्या अडतीत गेली. त्या काळी तुरीचा भाव चारचौघांत तोंडाने बोलायचा नाही, अशी तिथली रीत होती. खांद्यावरची दस्ती, म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायची आणि त्याखाली बोटं दाबून सौदा करायचा. हात दस्तीखाली आणि नजर आभाळाकडे, म्हणजे चेहऱ्यावरूनही कुणाला काही कळू नये. पुढे हे बंद झालं, लिलाव मोठ्याने होऊ लागले, पण अप्पांनी सव्वीस वर्षं तेच केलं होतं. त्यातून त्यांनी एकच शहाणपण घेतलं: तोंडातून गेलं ते समोरच्याचं झालं. स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा त्यांनी उदगीरच्या सासऱ्यांशी दस्तीखाली ठरवली. बाकी घराला पत्रिका छापून आल्यावर कळली.

नीलम्मा, त्यांच्या पत्नी, होत्या तोवर यात काही अडलं नाही. त्या दोघांच्याही वाटचं बोलायच्या, आणि वर थोडं माझ्याही वाटचं. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. रेडिओतले सेल काढावेत तसं घर एकदम बंद झालं.

आणि मग मल्लू आला.

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, अप्पांचा नातू. त्याचा बाप शिवकुमार लातूरला ट्रॅक्टरच्या दुकानात आहे, तो शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने जातो. आई अंबिका बिलोलीच्या वाटेवर एका खेड्यात शाळेवर शिक्षिका. सकाळी आठला जाते, पाचला येते. आमच्या गल्लीत पाळणाघर नाही आणि अंगणवाडीत तीन वर्षांच्या आतलं पोर दिवसभर ठेवत नाहीत. म्हणून नऊ महिन्यांचा असल्यापासून मल्लू अज्जासोबत, म्हणजे आजोबांसोबत, दुकानात. तांदळाच्या पोत्यावर गोधडी घालून त्याला मागे बसवलेला असायचा. गुबगुबीत, समाधानी, आणि मूग गिळून गप्प. वय झालं बावीस महिने आणि तोंडातून ‘आई’सुद्धा नाही.

आता आमच्या स्वप्नालीकडे येते. ती अंगणवाडी सेविका, आणि माझी विद्यार्थिनी. नववीत तिला मेंदूची आकृती काढायला सांगितली तर तिने फुलकोबी काढला होता. आता तीच घरोघर जाऊन मेंदू समजावून सांगते, आणि चांगलं सांगते, हे मला मान्य केलंच पाहिजे. तीन वर्षांच्या आत मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो, मुलाशी बोला, गाणी म्हणा, डबेडुबे खेळायला द्या, महागडी खेळणी लागत नाहीत, असं ती प्रत्येक उंबऱ्यावर बसून सांगते. ज्यांना हे खूळ वाटतं त्यांच्याशी वाद घालायला मला आता वेळ नाही.

तर ती अंबिकाच्या घरी आली, मल्लूच्या वाढीचं कार्ड काढलं आणि विचारलं, “मल्लू किती शब्द बोलतो, ताई?”

“एकबी न्हाई.”

“अज्जाकडं दिवसभर असतो ना? ते बोलत असतील की त्याच्याशी.”

अंबिकाने नुसतं दुकानाकडे बघितलं. स्वप्नाली याच गल्लीतली. तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

नांदेडला नेऊन कान तपासले. कान ठणठणीत होते. गोळीच्या बरणीचं झाकण तिसऱ्या खोलीत उघडलं तरी मल्लूला ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, घरात बोलणं वाढवा, तीन महिन्यांनी पुन्हा आणा. अंबिका परत आली ती थेट दुकानात गेली. मी तेव्हा तिथेच होते, साबण घेत होते.

“मामा,” ती सासऱ्यांना म्हणाली, “तुमच्यावर माझा राग न्हाई. तुमच्यासारखं जपणारं कुणी न्हाई. पर लेकराच्या कानावर शब्दच पडंना गेलाय. वीस तारखेला अंगणवाडीचा पालक मेळावा हाय. तवर बोललं तर ठीक. न्हाईतर रेणापूरला माझ्या आईकडं ठेवते. तिथं नऊ माणसं हायत आन् नऊबी एकदम बोलतेत.”

अप्पांनी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते मला कळलं नाही, आणि अप्पांची मान मला कळली नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी अप्पा रस्ता ओलांडून माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उभेच राहिले. मी म्हटलं, बोला. ते म्हणाले,

“बाई, बोलायचं काय?”

प्रश्न कसं बोलायचं असा नव्हता, काय बोलायचं असा होता. मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई; आधी निरीक्षण, मग उत्तर. म्हटलं, उद्या येते आणि तुमचं दोघांचं दिवसभर काय चालतं ते आधी बघते.

सकाळी मी दुकानात गेले, स्टुलावर बसले. तासभर दोघांत एक चकार शब्द नाही, आणि तरी पोर रडलं नाही, हट्ट केला नाही. वेळच्या वेळी पाणी, वेळच्या वेळी गुळाचा खडा. याला कसं कळतं, असा विचार करते तोवर मला अप्पांच्या मांडीवरची दस्ती हलताना दिसली. मल्लू पोत्यावरून सरकत आला, त्याने आपला हात दस्तीखाली घातला आणि नजर लावली छपराच्या पत्र्याकडे. अप्पांनीही नजर लावली पत्र्याकडे. दस्ती दोनदा हलली. अप्पांनी वाटीतून गूळ काढून दिला.

“हे काय आहे?” मी विचारलं.

अप्पांनी एक बोट दाखवलं: पाणी. दोन बोटं: गूळ. आख्खा पंजा: शू. करंगळी: आई कधी येणार.

“आणि दस्ती हलली दोनदा, ते कशासाठी?”

अप्पांचा चेहरा फुलला. इतका अभिमान मी त्यांच्या तोंडावर शिवकुमारच्या लग्नातही पाहिला नव्हता. “दोन खडे मागला,” ते म्हणाले, “मी एक म्हणलो. दीडावर आला.”

बावीस महिन्यांचं पोर घासाघीस करत होतं. शब्द एक नाही, आणि दीडाचा हिशेब बरोबर. मी स्वप्नालीला बोलावलं. मला वाटलं ती कपाळावर हात मारून घेईल. ती उलट खूश झाली. म्हणाली, बुद्धी पक्की आहे, समोरच्याशी बोलायचं असतं हे त्याला कळलंय, फक्त तोंडाचा उपयोग कुणी दाखवला नाही. “अप्पा, बोटांचं चालू द्या. पर तोंडबी चालवा. लई सोपं हाय. जे जे काम कराल ते त्याला सांगत सांगत करा. आता मी हे करतो, आता मी ते करतो. दिवसभर. काहीच सोडायचं न्हाई.”

‘काहीच सोडायचं न्हाई’ हे तिने म्हणायला नको होतं. अप्पा जन्मभर शब्दाला पक्के राहिलेले अडत्ये आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीला एक घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज ऐकू आला. “आता अज्जा कुलूप काढायलाय. आता अज्जा फळी उचलायलाय. आता अज्जाची कंबर दुखायलीय.” लोक दारात आले. मल्लू पोत्यावर बसून डोळे विस्फारून बघत होता.

साडेनऊला शेषेराव आले. हे निवृत्त तलाठी. रोज दुकानाच्या बाकावर बसून फुकट पेपर वाचतात.

“आता शेषेराव आले,” अप्पा मल्लूला म्हणाले. “आता पेपर वाचायलेत. आता डावा हात पोत्यात घातले. आता शेंगदाणे खायलेत. आता आणिक घेतले.”

शेषेरावांनी पेपर खाली केला. “अप्पा, पंधरा वर्षांची दोस्ती हाय आपली.”

“आता शेषेराव चिडलेत,” अप्पा मल्लूला म्हणाले.

यात अप्पांचा खवचटपणा अजिबात नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्यांना काम सांगितलं होतं आणि ते काम करत होते. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं, मापाचं, पोत्याचं, जे घडेल ते ते पोराला सांगत होते. “आता सिंधुवहिनी आल्या. आता काळा रंग घेतल्या. नरसिंगच्या मिशीला.” सिंधुवहिनींचा नवरा नरसिंग आमच्या बँडपथकात मोठा ढोल वाजवतो, आणि त्याच्या मिशीची काळीभोर ख्याती पार लोहा गावापर्यंत आहे. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. एका वरातीत ढोलाशिवाय काम भागवावं लागलं.

“आता अज्जा तूरडाळ दाखवायलाय. वरची नवी हाय. खालची जुनी हाय.”

“मग मला वरचीच द्या,” गिऱ्हाईक म्हणालं.

अप्पा थबकले. हातात माप, समोर गिऱ्हाईक, मागे नातू. “आता अज्जा फसलाय,” ते हळूच म्हणाले, आणि वरची दिली.

मीही सुटले नाही. “आता बाई आल्या. बाईंना डॉक्टर गोड बंद केलेत. आता बाई गूळ घ्यायल्यात.” रांगेत माझ्या मागे माझी सून उभी होती. जाऊ द्या.

गंमत अशी की दुकानाची गर्दी वाढली. कोण काय घेतं ते ऐकायला माणसं बाकावर बसू लागली, आणि ज्यांना काही लपवायचं होतं ती बाजारच्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागली. चौथ्या दिवशी मी शब्द मोजायचं सोडलं. दुपारपर्यंतच चारशेवर गेले होते. अप्पांचा घसा बसला. हळदीचं दूध पीत “आता अज्जा हळद प्यायलाय” हेही त्यांनी सांगितलं.

आणि मल्लू? मल्लू सिनेमा बघावा तसा बघत होता. तोंड बंद. गूळ हवा की हात दस्तीखाली.

एक आठवडा गेला, दोन गेले. अठरा तारखेला मी काडेपेटी आणायला गेले, तर दुकानात कुणी नव्हतं आणि अप्पाही गप्प होते. मल्लू झोपला होता. अप्पा त्याच्या चार-दोन टोप्या आणि झबली घडी करून एका पिशवीत घालत होते. मला बघून म्हणाले, “बाई, रेणापूरला त्यांच्या घराजवळ दुकान हाय का एखादं? पोत्यावर बसायची सवय हाय त्याला.”

मी काडेपेटी घेतली आणि घरी आले.

वीस तारखेला मेळावा समाजमंदिरात होता. स्वप्नालीने सुरेख मांडला होता. एका कोपऱ्यात उलथी पातेली आणि लाकडी पळ्या, वाजवायला. एका कोपऱ्यात डबे, एकात एक बसवायला. भिंतीला कागद, रंगात बुडवलेले हात उमटवायला. पाटी होती, ‘आई-बाबा-आजी-आजोबा सर्वांनी यावे’. आया पस्तीस आल्या. बाबा एकही नाही. आजोबा दोन: बसवंतअप्पा, आणि शेषेराव, ज्यांना स्वतःचा नातू पुण्यात असूनही हे चुकवायचं नव्हतं.

निघताना अंबिका सासऱ्यांना म्हणाली होती, “मामा, आज दस्ती न्हाई. तुम्ही बोटानं सांगाल, त्ये बोटानं सांगंल.” अप्पांनी दस्ती काढून तिच्या हातात दिली. त्यांचा खांदा मिशी उतरवलेल्या माणसासारखा दिसत होता.

तालुक्याहून पर्यवेक्षिका आल्या होत्या, शिवकांता मॅडम. त्यांच्याकडे पिशवीचा खेळ होता. जाड कापडाची पिशवी, आत चमचा, चेंडू, कंगवा. मुलाने न बघता आत हात घालायचा आणि काय लागलं ते सांगायचं. सांगितलं की बिस्कीट. बिस्किटांचं ताट शेजारी टेबलावर.

मल्लूची पाळी आली. अंबिकाने त्याला पुढे बसवलं. मॅडमनी दाखवण्यासाठी आधी आपला हात पिशवीत घातला. “अस्सा हात घालायचा, बाळा.”

मल्लूने पिशवी पाहिली. कापड पाहिलं. कापडाखाली गेलेला हात पाहिला. आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम धंद्याचा भाव आला. त्याने आपला हात आत सारला आणि नजर छताकडे लावली.

“अगंबाई, बोट धरलं ह्याने माझं,” मॅडम म्हणाल्या.

मल्लूने दाबलं. थांबला. पुन्हा दाबलं.

“बाळा, बोट नाही, चमचा शोध. चमचा कुठंय?”

मल्लूने आता दीडावर यायची तयारी दाखवली असावी, कारण पिशवी बराच वेळ हलत होती. मॅडमना काही बोध होईना. त्यांनी हात काढून घेतला आणि पोराचं लक्ष बिस्किटांकडे जातंय असं वाटून ताट उचलून आपल्या पाठीमागे ठेवलं.

मल्लूने मान वळवून अज्जाकडे पाहिलं. अप्पा माझ्या शेजारी सतरंजीवर बसले होते, म्हणून मला दिसलं: दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. त्यांनीही छताकडे नजर लावली.

समाजमंदिरात कोण तरी पातेलं वाजवत होतं, तेही थांबलं. मल्लूने पुन्हा मॅडमकडे पाहिलं, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग जमलेल्या बायकांकडे वळला, आणि घोगऱ्या, शांत, माहिती द्यावी अशा आवाजात म्हणाला,

“आता मॅडम बिक्कीट दडवली.”

मागून शेषेराव म्हणाले, “माझ्यावरचं संकट सरकारवर गेलं बघा.”

हशा इतका झाला की दोन मुलं रडू लागली. मॅडम लाल झाल्या, पण बाई चांगली होती, तिने ताट पुढे आणलं. मल्लूने एक उचललं, विचार केला, आणि दुसरं अर्धं मोडून घेतलं. “हे बोलायला कुणी शिकवलं तुला?” त्यांनी विचारलं. मल्लूने तोंडातलं गिळलं आणि अप्पांकडे बिस्कीट रोखून म्हणाला, “अज्जा.” स्वप्नालीने कार्डावर लिहिलं: शब्द पाच. घाईत अक्षर नववीत होतं तसंच आलं.

अप्पा डोळे पुसायला खांद्याकडे हात नेत राहिले, आणि खांद्यावर दस्ती नव्हती.

बाहेर पडलो. अंबिका पुढे चालली होती, ती पायरीवर थांबली. तिने पर्समधून दस्ती काढली. मला वाटलं परत देते आहे. तिने ती झटकली, सासऱ्यांच्या हातावर टाकली आणि आपला हात खाली घातला. मग सून आणि सासरा, दोघंही, समाजमंदिराच्या दारात आभाळाकडे बघत उभे राहिले. दस्ती हलली, थांबली, पुन्हा हलली. एकदा अप्पांनी मान नकारार्थी हलवली. अंबिका हटली नाही. शेवटी अप्पांनी ‘शिव शिव’ म्हटलं आणि सौदा झाला.

काय ठरलं ते दोघांपैकी कुणीही मला सांगितलेलं नाही. मी दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, सरळ विचारलं. अंबिका हसली. अप्पांनी तळहात उताणा केला. मला दिसतं ते एवढंच: सोमवारी मल्लू तांदळाच्या पोत्यावर होता. रोज दुपारी चार ते पाच अप्पा त्याला काय काय सांगत बसतात, पण डाळीच्या पोत्यापासून दूर, आतल्या खोलीत. आणि रविवारी रेणापूरच्या नऊ माणसांना फोनवर बघताना मल्लू एका शब्दाची जागा मिळायची वाट बघत बसतो.

तो तासभर सोडला तर अप्पा पुन्हा अकरावर आलेत. बोलायचं काम आता मल्लू करतो. शेषेराव स्वतःचे शेंगदाणे खिशातून आणतात.

परवा मी गेले, तेव्हा रांगेत कुणी नव्हतं. मुद्दाम ती वेळ बघूनच गेले होते.

“आता बाई आली,” मल्लू पोत्यावरून म्हणाला.

“पाव किलो गूळ,” मी हळूच म्हटलं.

“गूळ संपला.”

गुळाची ढेप माझ्या नाकासमोर होती, आणि त्याच्या गालालाही थोडा गूळ लागलेला होता. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी नातवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन बोटं हवेत हलवली.